गाणे रेकॉर्ड होण्याआधी : खानदेशातील कलाकारांसाठी कॉपीराइटचे मार्गदर्शन

धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील गीतकार, चाल बांधणारे, गायक, नर्तक, छायाचित्रकार आणि दागिन्यांची नक्षी घडवणारे कारागीर यांच्यावर आपली कलाकृती दुसऱ्याच्या नावाने फिरताना पाहण्याची वेळ अनेकदा येते. अशा वेळी ‘आमचे गाणे चोरले’ असे म्हटले जाते. परंतु खोलात गेल्यावर पुष्कळदा असे आढळते की, रूढ अर्थाने चोरी झालेलीच नाही. गाणे ज्या दिवशी स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाले त्या दिवशी मालकीविषयी कोणी काही बोलले नाही, कोणी काही लिहिले नाही, आणि पुढे गाणे चालल्यावर ज्याच्या हाती यूट्यूब चॅनल होते तो मालक म्हणून वावरू लागला. म्हणून या लेखात चोरी झाल्यानंतरच्या उपायांना कमी आणि ध्वनिमुद्रणापूर्वीच्या लिखापढीला अधिक जागा दिली आहे.

एका गाण्याचे मालक किती

आपल्याकडे लागू असलेला कॉपीराइट कायदा १९५७ चा असून त्यात २०१२ मध्ये कलाकारांच्या बाजूने महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या. या कायद्यानुसार कॉपीराइट मिळवण्यासाठी कोणत्याही कार्यालयात अर्ज करावा लागत नाही. कलाकृती स्वतःची असेल आणि ती शब्दांत, सुरांत किंवा रंगरेषांत उतरली असेल, तर हक्क आपोआप निर्माण होतो. नोंदणी सक्तीची नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मधील एका निकालात पुन्हा स्पष्ट केले आहे. मात्र नुसत्या कल्पनेवर कोणाचाही हक्क नसतो. दिराच्या लग्नात वहिनीने धरलेला ठेका हा विषय घेऊन दहा जण दहा अहिराणी गाणी लिहू शकतात आणि त्यांपैकी कोणीही दुसऱ्याला अडवू शकत नाही. तीच गोष्ट शीर्षकाची; केवळ नावाला कॉपीराइट नसतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले आहे.

ज्याला आपण सहज ‘एक गाणे’ म्हणतो, त्यात कायद्याच्या दृष्टीने अनेक स्वतंत्र हक्क असतात. शब्द ही साहित्यकृती असून तिचा मालक गीतकार असतो. चाल ही शब्दांवेगळी संगीतकृती असून ती संगीतकाराची असते. ध्वनिमुद्रणाचा हक्क निर्मात्याचा, म्हणजे ते करण्यासाठी पुढाकार घेणाऱ्याचा आणि त्याची जबाबदारी पत्करणाऱ्याचा असतो. त्यावर केलेला व्हिडिओ ही आणखी एक वेगळी कृती ठरते. गायक, वादक आणि नर्तक यांना ‘सादरकर्त्याचा हक्क’ मिळतो. शब्द आणि चाल यांवरील हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रण आणि व्हिडिओ यांच्यासाठी प्रकाशनानंतर ६० वर्षे, तर सादरकर्त्यासाठी सादरीकरणानंतर ५० वर्षे अशी मुदत आहे.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते, आणि ती आपल्या भागात फारशी कोणी लक्षात घेत नाही. अनेक गीतकार आणि गायक स्टुडिओचे भाडे, ट्रॅकचे पैसे आणि शूटिंगचा खर्च स्वतःच्या खिशातून करतात आणि तयार झालेले गाणे मोठ्या चॅनलवाल्याकडे ‘टाकण्यासाठी’ देतात. अशा वेळी ध्वनिमुद्रणाचा निर्माता स्टुडिओवाला नसतो आणि चॅनलवालाही नसतो. निर्माता तो कलाकारच असतो. व्हिडिओचेही तसेच आहे, कारण मोबदला देऊन दुसऱ्याकडून चित्रीकरण करून घेतले असेल आणि उलट करार झालेला नसेल, तर पहिला मालक चित्रीकरण करून घेणारा असतो. म्हणून स्टुडिओला आणि शूटिंगवाल्याला दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती किंवा यूपीआयची नोंद जपून ठेवावी, आणि पैसे पाठवताना गाण्याचे नाव शेऱ्यात अवश्य लिहावे.

जे आपले नाही, त्यावर हक्क सांगू नये

खानदेशातल्या निर्मितीचा मोठा भाग लोकपरंपरेवर उभा आहे. कानबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या, वहीगायन, हळदीची गाणी, सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा समाजांची होळीची गाणी यांचा कर्ता कोणी एक माणूस नाही, आणि म्हणून त्यांच्या मूळ शब्दांवर किंवा चालीवर कोणी एक माणूस कॉपीराइट सांगू शकत नाही. आपण त्यात नवा अंतरा लिहिला, नवे वाद्यमेळाचे संयोजन केले किंवा ते नव्याने ध्वनिमुद्रित केले, तर हक्क मिळतो तो तेवढ्या नव्या भागावर आणि त्या ध्वनिमुद्रणावर. मूळ लोकगीत सर्वांसाठी मोकळेच राहते.

हा भेद न पाळल्यामुळे होणारा घोळ आता यूट्यूबवर दिसतो. एखादा कलाकार पारंपरिक गाणे ध्वनिमुद्रित करतो, वितरकामार्फत ते यूट्यूबच्या स्वयंचलित ओळख यंत्रणेत, म्हणजे कंटेंट आयडीमध्ये, नोंदवतो, आणि तेच लोकगीत स्वतःच्या आवाजात गाणाऱ्या दुसऱ्या गावच्या मंडळाच्या व्हिडिओवर यंत्रणा दावा लावते. असा दावा तुमच्यावर आला तर घाबरून व्हिडिओ काढून टाकू नये. गीत पारंपरिक आहे आणि ध्वनिमुद्रण आपले स्वतःचे आहे, एवढे नेमकेपणाने लिहून त्या दाव्यावर हरकत नोंदवावी. दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात आणि त्याने उत्तर दिले नाही तर दावा निघून जातो. उलट बाजूने, लोकगीतावर आधारित काम करणाऱ्याने ते गीत कोणाकडून आणि कोणत्या गावी ऐकले हे वहीत टिपून ठेवावे आणि व्हिडिओच्या वर्णनात ‘पारंपरिक’ असा स्पष्ट उल्लेख करावा. सातपुड्यातील पाड्यांवरून गाणी गोळा करणाऱ्याने गाणाऱ्यांची नावे द्यावीत आणि उत्पन्नात त्यांचा वाटा ठेवावा. कायदा हे सक्तीने करायला लावत नाही, परंतु माझ्या मते ज्याला स्वतःच्या नावाची चाड आहे त्याने दुसऱ्याच्या नावाबाबत हात आखडता घेऊ नये.

मुदत संपलेल्या साहित्याचा विषय इथेच संपवतो. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांचे निधन ३ डिसेंबर १९५१ रोजी झाले आणि त्यांच्या कविता १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आल्या. कर्त्याच्या मृत्यूनंतर प्रथम प्रकाशित झालेल्या साहित्यकृतीची ६० वर्षे प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून मोजली जातात. त्या हिशेबाने या कवितांवरील कॉपीराइट २०१२ च्या अखेरीस संपला. आज त्यांच्या ओळींना नवी चाल लावण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही. मात्र त्या कवितांना इतरांनी लावलेल्या चाली आणि त्यांची ध्वनिमुद्रणे स्वतंत्र कृती आहेत आणि त्यांच्या मुदती वेगळ्या आहेत, हे विसरून चालणार नाही.

आता एक अप्रिय गोष्ट. लोकप्रिय हिंदी चित्रपटगीताचा कराओके ट्रॅक घेऊन त्यावर अहिराणी शब्द बसवण्याची पद्धत आपल्याकडे बरीच रुळलेली आहे. शब्द कितीही अस्सल असले तरी चाल दुसऱ्याची आहे, आणि परवानगीविना तिचा असा वापर हे उल्लंघनच आहे. अशा गाण्याचे उत्पन्न मूळ कंपनीकडे वळते किंवा गाणे काढले जाते, आणि पुढे त्याच गाण्याची दुसऱ्या कोणी नक्कल केली तर तक्रार करायला तोंड राहत नाही. इंटरनेटवरून विकत घेतलेल्या बीटबाबतही, म्हणजे गाण्यासाठी आयत्या मिळणाऱ्या संगीताबाबतही, परवान्याच्या अटी वाचाव्यात. स्वस्तातला परवाना बहुधा अनेकांना एकाच वेळी दिलेला असतो आणि असे गाणे कंटेंट आयडीमध्ये नोंदवण्यास त्यात मनाई असते.

कागद कसा करावा

तोंडी शब्दाला आपल्याकडे मान आहे आणि तो असावाही. पण कॉपीराइटच्या हस्तांतरणाला कायदा तोंडी शब्द मानत नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर ते लिखित असावे लागते आणि त्यावर देणाऱ्याची किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीची सही असावी लागते. याचा अर्थ कलाकाराच्या बाजूने घ्यावा: जोपर्यंत तुम्ही सही केलेली नाही, तोपर्यंत कोणी कितीही ठामपणे सांगितले तरी शब्दांचा किंवा चालीचा हक्क तुमच्याकडून गेलेला नाही. म्हणूनच सही करण्याआधीची पाच मिनिटे ही सगळ्या व्यवहारातली सर्वांत मोलाची असतात.

सर्वांत आधी शब्दांची निवड पाहावी. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी दिले’ असे वाक्य दिसले तर थांबावे. हक्क देणे आणि वापराची परवानगी देणे, म्हणजे परवाना, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. परवान्यात मालकी तुमच्याकडे राहते आणि समोरच्याला ठरावीक कामापुरता, ठरावीक काळापुरता वापर करता येतो. चॅनलवर गाणे टाकण्यासाठी परवाना पुरतो. मालकी देण्याची गरज नसते. करारात गाण्याचे संपूर्ण शब्द परिशिष्ट म्हणून जोडावेत, दिलेले हक्क एकेक करून लिहावेत, मुदत आणि प्रदेश नमूद करावा, आणि रक्कम किंवा उत्पन्नातील वाटा आकड्यात तसेच अक्षरी लिहावा. गीतकाराला पुढील मजकूर आधारासाठी घेता येईल:

‘परिशिष्टात पूर्ण शब्दांसह दिलेल्या गीताचा मी एकमेव गीतकार आहे. हे गीत एकदा ध्वनिमुद्रित करून ते ध्वनिमुद्रण व त्यावर आधारित एक व्हिडिओ करारात नमूद केलेल्या चॅनलवर व ऑनलाइन संगीतमंचांवर प्रसारित करण्याचा परवाना मी निर्मात्यास या तारखेपासून तीन वर्षांसाठी देत आहे. गीताच्या शब्दांचा कॉपीराइट माझ्याकडेच राहील. शब्दांत बदल, भाषांतर, रिमिक्स, जाहिरात अथवा चित्रपटातील वापर यांसाठी माझी स्वतंत्र लेखी परवानगी लागेल. प्रत्येक ठिकाणी गीतकार म्हणून माझे नाव दिले जाईल. या गीतापासून मिळणाऱ्या उत्पन्नाचा हिशेब निर्माता दर तीन महिन्यांनी लेखी देईल.’

हा करार पाचशे रुपयांच्या बाँडवर केला म्हणजेच तो खरा, अशी समजूत आहे. मुद्रांक शुल्क योग्य ते भरावे, त्यात कसूर करू नये. पण कराराचे बळ बाँडच्या कागदात नसून त्यातील मजकुरात आणि सह्यांत असते. दोन मूळ प्रती कराव्यात आणि प्रत्येक पानावर दोघांनी सही करावी. समोरचा ‘एकच प्रत करू, माझ्याकडे राहू दे’ म्हणाला तर विनम्रपणे नकार द्यावा.

करारात काही गोष्टी लिहायच्या राहून गेल्या तर कायदा स्वतः त्या भरून काढतो, आणि हे ज्ञान जुन्या व्यवहारांत फार उपयोगी पडते. हस्तांतरणाच्या कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच हक्क दिला असे मानले जाते. हक्क घेणाऱ्याने एका वर्षात त्याचा वापरच केला नाही, तर कागदात वेगळे काही म्हटलेले नसल्यास ते हस्तांतरण संपुष्टात येते. जो वापराचा मार्ग करार झाला तेव्हा अस्तित्वात नव्हता किंवा व्यापारी वापरात नव्हता, तो करारात स्पष्ट लिहिल्याशिवाय हस्तांतरित होत नाही. ही तरतूद २०१२ च्या दुरुस्तीने आली. कॅसेट आणि सीडीच्या काळात ज्यांनी ‘मानधन पावले, हक्क दिले’ अशा चिटोऱ्यांवर सह्या केल्या, त्यांनी ती कागदपत्रे शोधून वकिलाला दाखवावीत. जे हक्क गेले असे ते समजतात, त्यांतील काही अजून त्यांचेच असण्याची शक्यता असते.

रॉयल्टीची, म्हणजे कृतीच्या वापरापोटी मिळणाऱ्या मोबदल्याची, तरतूद सर्वांत महत्त्वाची आहे आणि सर्वांत कमी ठाऊक आहे. २०१२ पासून गीतकार आणि संगीतकार यांनी आपले हक्क दुसऱ्याला दिले, तरी ध्वनिमुद्रणाच्या वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीचा समान वाटा मागण्याचा अधिकार त्यांच्याकडेच राहतो. चित्रपटातील गीताबाबतही हेच लागू आहे, चित्रपटगृहात चित्रपटासोबत होणारे प्रदर्शन तेवढे वगळून. हा अधिकार ‘सोडून दिला’ असे करारात लिहून घेतले असले, तरी ते कलम टिकत नाही. ही रॉयल्टी प्रत्यक्ष गोळा करून देण्याचे काम गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक यांच्यासाठी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस, ही १९६९ मध्ये स्थापन झालेली संस्था करते. गायक आणि वादकांसाठी इसाम्रा ही वेगळी संस्था आहे. सदस्य झाल्यावर आपली प्रत्येक रचना तिथे नोंदवावी लागते, नाहीतर पैसे आले तरी ते कोणाचे हे संस्थेला कळत नाही.

गाणे अनेकांनी मिळून केले असेल तर वाटणीचे एक पान स्टुडिओतून बाहेर पडण्यापूर्वी भरावे. त्यात गाण्याचे नाव, तारीख, शब्द कोणाचे, चाल कोणाची, संयोजन कोणाचे, गायक कोण, ध्वनिमुद्रणाचा खर्च कोणी केला आणि प्रत्येकाचा वाटा किती टक्के, एवढे लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. मित्रामित्रांत असे लिहिणे संकोचाचे वाटते. पण गाणे चालल्यानंतर हा विषय काढणे त्याहून कितीतरी अवघड जाते, आणि गाणे चाललेच नाही तर या कागदाने कोणाचे काही बिघडत नाही.

यात्रेतील तमाशा, आर्केस्ट्रा, लोककलेचा कार्यक्रम किंवा बँड पथकाची सुपारी घेताना चित्रीकरणाचा प्रश्न बिदागीच्या आधी ठरवावा. सादरकर्त्याच्या संमतीविना कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण करता येत नाही आणि ते लोकांपर्यंत पोहोचवताही येत नाही. ‘बिदागी केवळ प्रत्यक्ष कार्यक्रमासाठी आहे, चित्रीकरण व प्रसारणासाठी स्वतंत्र लेखी संमती लागेल’ एवढे एक वाक्य इसाराच्या पावतीवर लिहिले तरी पुरे. प्रेक्षकांतल्या प्रत्येक मोबाइलच्या मागे धावणे शक्य नाही आणि शहाणपणाचेही नाही. पण आयोजकाने पूर्ण कार्यक्रम कॅमेऱ्यावर घेऊन चॅनलवर टाकला तर त्याला विचारण्याचा हक्क राहतो.

लग्नाच्या वरातीत किंवा हळदीला डीजेवर आपले गाणे वाजले तर मात्र पैसे मागू नयेत. विवाहाची मिरवणूक आणि विवाहाशी संबंधित सामाजिक सोहळे यांना कायद्याने सूट दिली आहे. त्याच डीजेने गाण्याचे रिमिक्स करून स्वतःच्या चॅनलवर चढवले तर ती सूट संपते.

छायाचित्र, चित्र आणि नक्षी

छायाचित्रकारांना एक तरतूद अन्यायाची वाटेल, पण ती माहीत असणे आवश्यक आहे. ग्राहकाने मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा, रेखाटलेल्या चित्राचा किंवा व्यक्तिचित्राचा पहिला मालक, उलट करार नसल्यास, ग्राहक असतो. लग्नाचे फोटो आपल्या दुकानाच्या जाहिरातीत किंवा इन्स्टाग्रामवर वापरायचे असतील तर ऑर्डरच्या पावतीवरच तशी अट छापून ग्राहकाची सही घ्यावी. स्वतःच्या मनाने काढलेली छायाचित्रे, मग ती लळिंग किल्ल्याची असोत की सारंगखेड्याच्या घोडेबाजाराची, पूर्णतः छायाचित्रकाराची असतात. त्यांच्या मूळ कच्च्या फाइल कधीही कोणाला देऊ नयेत, कारण वादाच्या वेळी त्याच सर्वांत मोठा पुरावा ठरतात.

चित्रकाराने चित्र विकले म्हणजे कॅनव्हास विकला. त्याच्या प्रती छापण्याचा हक्क वेगळा लिहून दिल्याशिवाय जात नाही. शिवाय चित्र विकल्यानंतरही कर्त्याकडे दोन विशेष हक्क राहतात: आपले नाव लावून घेण्याचा, आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशी कृतीची मोडतोड रोखण्याचा. नवी दिल्लीच्या विज्ञान भवनातील भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून टाकले गेले, तेव्हा शिल्पकार अमरनाथ सेहगल न्यायालयात गेले आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल देऊन पाच लाख रुपयांची भरपाई मंजूर केली. शाळांच्या आणि नगरपालिकांच्या भिंती रंगवणाऱ्या आपल्याकडच्या चित्रकारांनी हा निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे.

जळगावच्या सराफ बाजारासाठी दागिन्यांची नक्षी करणाऱ्यांचा किंवा साड्यांवरील छापे तयार करणाऱ्यांचा मार्ग वेगळा आहे. वस्तूवर वापरण्याजोगी रचना नोंदवलेली नसेल आणि औद्योगिक पद्धतीने तिच्या ५० हून अधिक प्रती निघाल्या, तर तिच्यावरील कॉपीराइट संपतो. अशा रचनेसाठी २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी करावी. ती दहा वर्षे टिकते आणि आणखी पाच वर्षे वाढवता येते. अर्ज करण्यापूर्वी रचना कुठेही प्रसिद्ध झालेली नसावी लागते, त्यामुळे नवा डिझाइन आधी व्हॉट्सअॅप स्टेटसला लावून नंतर अर्ज करण्याचा क्रम उलटा आहे.

बँड, कलापथक किंवा चॅनल यांच्या नावासाठी कॉपीराइट नव्हे, ट्रेडमार्क लागतो. वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन अर्जासाठी वस्तू-सेवांच्या एका वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क आहे, करमणुकीचा वर्ग ४१ वा आहे आणि नोंदणी दर दहा वर्षांनी नवी करता येते.

पुरावा आणि नोंदणी

नोंदणी सक्तीची नसली तरी ज्या कृतींतून उत्पन्न येते त्यांची करावी, असे माझे मत आहे, कारण नोंदवहीतील नोंद न्यायालयात सकृद्दर्शनी पुरावा मानली जाते. नवी दिल्लीतील कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर चौदाव्या क्रमांकाच्या नमुन्यात अर्ज करता येतो. साहित्य, संगीत किंवा कलाकृतीसाठी प्रत्येकी ५०० रुपये, ध्वनिमुद्रणासाठी २,००० रुपये आणि व्हिडिओसाठी ५,००० रुपये असे शुल्क आहे. मालावर वापरल्या जाणाऱ्या कलाकृतीला, उदाहरणार्थ वेष्टनावरील चित्राला, २,००० रुपये लागतात. अर्ज झाल्यावर डायरी क्रमांक मिळतो आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते. अर्जदार आणि कर्ता वेगळे असतील तर कर्त्याचे ना-हरकत पत्र लागते. अप्रकाशित कृतीचीही नोंदणी होते, म्हणून थोडी रक्कम हाताशी असेल तर शब्दांची नोंदणी गाणे बाहेर येण्यापूर्वीच करून घ्यावी. स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने गाणे पाठवून लिफाफा न फोडता ठेवण्याचा उपाय नोंदणीची जागा घेऊ शकत नाही. तो फार तर तारखेचा एक दुय्यम पुरावा ठरेल.

रोजच्या पुराव्यासाठी साध्या सवयी पुरतात. कच्चे मसुदे, खाडाखोड असलेली वही, मोबाइलवर गुणगुणलेल्या चालीचे ध्वनिमुद्रण आणि स्टुडिओच्या प्रोजेक्ट फाइल कधीही पुसू नयेत. पहिला पूर्ण मसुदा स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवावा. व्हॉट्सअॅपवरील बोलणे पुरावा म्हणून चालते, परंतु भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र सोबत जोडावे लागते. म्हणून नुसते स्क्रीनशॉट काढून मूळ मोबाइल विकून टाकू नये.

गाणे उचलले गेलेच तर

प्रथम रागाने टिप्पणी किंवा बदनामीचा व्हिडिओ टाकू नये. दुवा, चॅनलचे नाव, प्रसिद्धीची तारीख, दर्शकसंख्या आणि वर्णनातील श्रेयनामावली यांच्या नोंदी आणि स्क्रीन रेकॉर्डिंग आधी करून घ्यावे. त्यानंतर लेखी संदेशाने श्रेय, हिशेब किंवा गाणे काढणे यांपैकी नेमके काय हवे ते मागावे. खानदेशातले कलाविश्व इतके परस्परांत गुंतलेले आहे की अनेक वाद या एका संदेशावर मिटू शकतात.

ते न झाल्यास यूट्यूबच्या कॉपीराइट काढून टाकण्याच्या विनंतीचा अर्ज भरावा. समोरच्याला सात दिवसांची मुदत देण्याचा पर्यायही त्यात आहे. विनंती मान्य झाली की त्या चॅनलवर स्ट्राइक, म्हणजे उल्लंघनाचा ठपका, लागतो आणि ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाल्यास चॅनल बंद होऊ शकते. समोरच्याने प्रतिदावा केला तर साधारण दहा कामकाजाच्या दिवसांत न्यायालयीन कारवाईचा पुरावा द्यावा लागतो, नाहीतर व्हिडिओ परत येतो. म्हणून वकिलाशी आधी बोलून मगच अर्ज करणे चांगले. आपल्या कायद्यानेही मध्यस्थ संकेतस्थळांना लेखी तक्रार मिळाल्यापासून ३६ तासांत संबंधित साहित्य थांबवण्याची जबाबदारी दिली आहे. मात्र २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही तर ते पुन्हा खुले होऊ शकते. प्रतिस्पर्ध्याचे चॅनल पाडण्यासाठी खोटे दावे करणे हा दुधारी खेळ आहे; निराधार धमकीविरुद्ध दाद मागण्याची तरतूद याच कायद्यात आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने गायकाच्या आवाजाची नक्कल करून नवी गाणी काढण्याचा प्रकारही आता सुरू झाला आहे. आवाजाला कॉपीराइट नसतो, पण गायकाच्या व्यक्तिमत्त्वावरील हक्काखाली दाद मागता येते. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांना अशा प्रकरणात अंतरिम संरक्षण दिले. आपल्या करारात ‘माझ्या आवाजाचा वापर कृत्रिम आवाज तयार करण्यासाठी करता येणार नाही’ हे वाक्य आजपासूनच घालावे.

दाव्यासाठी मुंबईला जावे लागेल या भीतीने अनेक जण गप्प बसतात. कॉपीराइट उल्लंघनाचा दिवाणी दावा कलाकार जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथील जिल्हा न्यायालयात दाखल करता येतो. नंदुरबारचा गीतकार दुसऱ्या शहरातील कंपनीविरुद्ध नंदुरबारमध्येच दावा करू शकतो. दाव्याची मुदत साधारणतः तीन वर्षांची असते. जाणूनबुजून केलेले उल्लंघन हा गुन्हाही आहे. त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. हा गुन्हा दखलपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे, त्यामुळे पोलीस ठाण्यात ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ असे उत्तर मिळाले तर या निकालाचा उल्लेख लेखी तक्रारीत करावा.

वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. महिला तसेच अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातींतील व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत ते दिले जाते. पहिल्या भेटीला जाताना गीताची वही, कराराची किंवा पावतीची मूळ प्रत, स्टुडिओला पैसे दिल्याच्या नोंदी, ज्या मोबाइलवर बोलणे झाले तो मोबाइल आणि उल्लंघनाचे दुवे तारखेसह लिहिलेला कागद सोबत न्यावा. मूळ कागद तिथे ठेवावे लागले तर त्याची पोच घ्यावी.